पुट्टी चढवण्याआधी भिंत वाजवून बघा

बाहेरच्या दाणेदार भिंतीवर पुट्टी भरून ती आरशासारखी गुळगुळीत करून देतो, असं कुणी म्हणालं तर त्याला आधी हातोडी घेऊन ती भिंत वाजवायला सांगा. तो वाजवायला तयार नसेल तर काम त्याला देऊ नका. आमच्या घरावर हे काम दोनदा झालं, पहिल्यांदा वरवर आणि दुसऱ्यांदा मुळापासून. दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्याच्या कितीतरी पट होता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्या पारनेर तालुक्यातल्या सुप्यात हा प्रश्न आता घरोघरी आहे. एमआयडीसी वाढली, जपानी कंपन्यांचा पट्टा आला, पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवी बांधकामं उभी राहिली. नव्या बंगल्यांच्या दर्शनी भिंती सपाट, राखाडी-पांढऱ्या. त्यांच्या शेजारी ऐंशी-नव्वदच्या दशकातली आमची घरं खरबरीत आणि जुनाट दिसतात. खोल्या भाड्यानं द्यायच्या असतात, घरात लग्न निघालेलं असतं, आणि मग बाहेरून घर नवं करायचं ठरतं.

आमचं घर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, १९९२ साली बांधलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर भाजलेल्या विटांच्या भिंती, सिमेंटचे कॉलम-बीम आणि बाहेरून सँडफेस प्लास्टर. त्या काळात आपल्याकडे बाहेरची भिंत म्हणजे सँडफेसच. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत या कामाचं वर्णन वर्षानुवर्षं जवळपास त्याच शब्दांत येतं: आधी एकास चार मालाचा १५ मिलिमीटरचा थर, त्यात सिमेंटच्या प्रत्येक गोणीमागे एक किलो वॉटरप्रूफिंग पावडर, त्या थराला किमान दोन दिवस पाणी, त्याचा पृष्ठभाग खरबरीत ठेवायचा, मग त्यावर ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा थर, वाळूचे दाणे वर काढायचे आणि चौदा दिवस पाणी मारायचं. चांगल्या गवंड्यानं केलेलं असं काम तीस-तीस वर्षं टिकतं.

त्या दाण्यांना कारण असतं, हे मला फार उशिरा कळलं. सपाट भिंतीवर पावसाचं पाणी एका जागी धार धरून वाहतं आणि जिथं बारीक भेग सापडेल तिथं आत शिरतं. दाणेदार भिंतीवर तेच पाणी विखुरतं. प्लास्टर वाळताना ज्या केसासारख्या चिरा पडतात, त्याही दाण्यांमध्ये विभागल्या जातात आणि लांबच लांब भेग सहसा तयार होत नाही. उघड्यावरच्या भिंतीसाठी खरबरीत गिलावा हा विचार करून निवडलेला प्रकार आहे. तो काढायचाच असेल तर त्याचं हे काम पुढं कोण करणार, ते आधी ठरवायला हवं.

पहिल्या वेळी रंगाऱ्यानं आम्हाला सांगितलं ते असं: सँडफेस खरवडायची गरज नाही, पुट्टीचे तीन-चार हात मारू, घासू, प्रायमर लावू आणि वर बाहेरचा इमल्शन रंग. महिन्याभरात घर खरंच देखणं झालं. पहिला पावसाळा निभला. दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवला तर ती पोकळ लागली. मग वळिवाचा पहिला पाऊस झाला, आणि फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी पुट्टी ताटाएवढ्या तुकड्यांनी सुटून अंगणात पडू लागली. गळालेल्या तुकड्याची मागची बाजू बघितली तर तिला पांढरी भुकटी चिकटलेली होती. भिंतीचं प्लास्टर जागच्या जागी होतं. म्हणजे पुट्टी प्लास्टरला कधी धरलीच नव्हती. जुन्या सिमेंट पेंटची जी भुकटी झाली होती, तिच्यावर ती नुसती टेकलेली होती.

पुट्टी गळण्याचं पहिलं कारण हेच. आपल्या जुन्या घरांवर आधी चुना, मग सिमेंट पेंट, त्यावर पुन्हा सिमेंट पेंट असे थर असतात. उन्हानं वरच्या थराची पूड होते. भिंतीवर तळहात घासून बघा. हात पांढरा झाला तर त्या भिंतीला काहीही चिकटणार नाही, मग माल कितीही महाग असो. चिकटपट्टीचा एक तुकडा दाबून लावा आणि झटक्यानं ओढा, तिला रंग आला तर तेच समजा. पाण्याचा शिपका मारून बघा. पाणी लगेच शोषलं गेलं तर ठीक, थेंब होऊन ओघळलं तर खाली तेलकट किंवा प्लास्टिकसारखा थर आहे आणि तोही काढावा लागेल.

दुसरं कारण जाडीचं. पुट्टी ही पांढऱ्या सिमेंटमध्ये बारीक पूड मिसळलेली असते आणि ती पातळ थरासाठीच बनवलेली आहे. बहुतेक कंपन्या एकूण जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगतात. तसं पिशवीवरच लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? सँडफेसच्या दाण्यांमधले खड्डे आणि जुन्या भिंतीचा उंचसखलपणा भरून काढायला ठिकठिकाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट थर द्यावा लागतो. एवढी जाड पुट्टी स्वतःच चिरते, आणि त्या चिरेतून पाणी तिच्या मागं जातं.

तिसरं कारण आपल्या हवेचं. सुपा पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की इथं पाऊसच कमी, तर भिंतीला कसला धोका? पण भिंतीला एकूण पावसापेक्षा तापण्या-निवण्याचा त्रास जास्त होतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत दुपारभर भाजते, संध्याकाळी वळीव येतो आणि पाच-दहा मिनिटांत ती गार पडते. थंडीत दिवसा कडक ऊन आणि पहाटे हुडहुडी भरवणारा गारवा. प्रत्येक वेळी भिंत फुगते आणि आकसते. वीट एका प्रमाणात, काँक्रीट दुसऱ्या, पुट्टी तिसऱ्या. इथं वाराही थोडा नाही. जवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. पाऊस सरळ पडत नाही, भिंतीवर आपटतो. जून-जुलैमध्ये पश्चिमेकडून, आणि आपल्याकडचा मोठा पाऊस सप्टेंबरात येतो तेव्हा वाऱ्याचा नेम नसतो, पूर्वेची भिंतही भिजते.

पुट्टी गळल्यावर पारनेरकडचे एक जुने गवंडी आले. वय झालेलं, आता ते स्वतः थापी धरत नाहीत. त्यांनी कशावर काय लावायचं हा विषयच काढला नाही. एक लहान हातोडी आणि गेरूचा खडा घेऊन ते भिंतीभोवती फिरले. जिथं खणखणीत आवाज आला ती जागा सोडली, जिथं भद्द आवाज आला तिथं गेरूनं गोल केला. भिंत संपेपर्यंत गोलच गोल दिसायला लागले. मग ते तात्यांना म्हणाले, “दादा, भिंतीचं नंतर बघू. आधी पाणी कुठून येतंय ते बघायला मला गच्चीवर न्या.”

गच्चीवर कठड्याचा माथा सपाट होता आणि त्याला उभ्या चिरा होत्या. पावसाचं पाणी त्या चिरांतून कठड्याच्या पोटात जात होतं आणि खाली भिंतीच्या पाठीमागून उतरत होतं. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या बाजूला उतार हवा, म्हणजे पाणी बाहेरच्या भिंतीवरून न वाहता आत येऊन पन्हाळीनं जातं. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटावं म्हणून एक खाच असते. आमची खाच रंगाऱ्यानं पुट्टीनं बुजवली होती, त्यामुळे पाणी छज्ज्याच्या पोटाखालून मागं सरकून खिडकीच्या वर भिंतीला लागत होतं. खिडक्यांच्या खालच्या फरशीला बाहेर उतार नव्हता. संडास-बाथरूमच्या पाइपाचा एक जोड ठिबकत होता आणि तिथली भिंत बारमाही ओली होती. अंगणात नंतर पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा माती भरून जमीन उंच केली होती, त्यामुळे जोत्याची बरीच उंची मातीत गेली होती आणि ओल तिथून वर चढत होती.

यातली एकही गोष्ट प्लास्टरची किंवा रंगाची नाही. पण भिंतीत पाणी शिरत असेल तर ते कुठूनतरी बाहेर पडणारच. बाहेर पडताना ते विटांतले आणि मालातले क्षार सोबत आणतं, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. उघड्या भिंतीवर तो खार म्हणून दिसतो, झाडूनं निघतो. वर रंगाचा किंवा पुट्टीचा बंद थर असेल तर तोच खार आतून त्या थराला ढकलतो. म्हणून ओल्या भिंतीवर जाड वॉटरप्रूफ रंग लावणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. पाणी आत यायच्या वाटा तशाच राहतात, बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते. पाण्याच्या वाटा आधी बुजवा, एक उन्हाळा भिंत सुकू द्या, मगच बाहेरच्या कामाला हात लावा. मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

भेगांचंही बघून घ्या. बीमच्या खालून आडवी किंवा कॉलमच्या कडेनं उभी सरळ भेग ही वीट आणि काँक्रीटच्या सांध्याची असते, ती जाळीनं आटोक्यात येते. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी जाणारी, आत-बाहेर दोन्हीकडून दिसणारी भेग वेगळी. घर काळ्या मातीवर असेल तर पाया हलत असण्याची शक्यता असते. अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटनं आडवी चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा. पावसाळा ते उन्हाळा या काळात काच तडकली तर भेग जिवंत आहे. मग गवंडी नको, इंजिनिअर बोलवा.

एवढं झाल्यावर भिंतीचं काय करायचं ते ठरवता येतं. भिंत खणखणीत वाजत असेल, भुकटी फक्त वरवर असेल, तर सँडफेस राहू द्या, हे माझं आताचं ठाम मत आहे. तारेच्या ब्रशनं घासा, पाण्याच्या दाबानं धुवा, भेगा इंग्रजी व्ही आकारात उकरून भरा, सुकू द्या, प्रायमर आणि बाहेरच्या रंगाचे दोन हात. दाणे दिसतील, पण स्वच्छ एकरंगी सँडफेस छान दिसतं. लोकांना ते जुनाट वाटतं ते बहुतेक वेळा शेवाळानं आणि धुळीनं.

गुळगुळीतच हवं असेल आणि जुनं प्लास्टर मजबूत असेल, तर मधला मार्ग आहे. रंग आणि भुकटी पूर्ण काढून भिंतीला टाचे मारायचे, ओली करायची, सिमेंटमध्ये एसबीआर बाँडिंग केमिकल मिसळून त्याचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर ६-८ मिलिमीटरचा बारीक वाळूचा माल लाकडी रंध्यानं सपाट करायचा. हात सुकल्यावर माल लावला तर तो हातच सुटायचा थर बनतो, म्हणून एका वेळी आवाक्यातलीच जागा घ्यायची. बारीक चिरा टाळायला या थरात अल्कली सहन करणारी फायबरची जाळी दाबून बसवतात. यावर पुट्टी लावायचीच झाली तर ती अगदी पातळ, बाहेरच्या वापराची.

भिंतीचा बराच भाग भद्द वाजत असेल तर मात्र सगळं काढावं लागतं. आमच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींचं असंच झालं. ठिगळं लावून पैसे वाचतात असं वाटतं, पण नव्या-जुन्याच्या सांध्यावर पुन्हा चिरा येतात.

काढायचं म्हणजे किती काढायचं याचा आधी अंदाज घ्या. वीस मिलिमीटरचं प्लास्टर एका चौरस फुटाला साधारण चार किलो भरतं. तीस फूट लांब आणि दहा फूट उंच एकाच भिंतीचा मलबा एक टनाच्या वर जातो. तो कुणी उचलायचा, कुठं टाकायचा हे ठरलेलं नसेल तर तो तुमच्या दारात पडून राहतो. परांची कुणाची, हेही तेव्हाच ठरवा.

आणि काम करणाऱ्या माणसांकडे बघा. कोरडं प्लास्टर फोडताना, विशेषतः ग्राइंडर लावल्यावर, जी धूळ उडते तिच्यात वाळूची बारीक पूड असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला गमछा बांधून ती अडत नाही. भिंत आधी भिजवून मग फोडायला लावा आणि चांगले मास्क तुम्हीच आणून द्या. काम करणारी बहुतेक तरुण मुलं असतात, कुणी लांबच्या तालुक्यातून तर कुणी परराज्यातून आलेली. ती स्वतःहून मागत नाहीत. परांचीवर पट्ट्याशिवाय कुणाला चढू देऊ नका, मुकादम कितीही म्हणाला की यांना सवय आहे.

नवं प्लास्टर करताना आम्ही काही गोष्टींवर अडून बसलो. बीम-कॉलम आणि विटांच्या सांध्यावर, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट येईल अशी चिकन मेश खिळ्यांनी ताणून बसवली. काँक्रीटला टाचे मारले, कारण गुळगुळीत काँक्रीट माल धरत नाही. माल एकास चार. गवंडी कधीकधी आपुलकीनं सिमेंट वाढवतात, पण जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो आणि जास्त चिरतो. वाळूचा प्रश्न मोठा आहे. पूर्वी आपल्याकडे घोड, कुकडी, मुळेची वाळू यायची, आता बहुतेक क्रशरची असते. प्लास्टरसाठी चाळलेली, धुतलेली क्रश सँड वेगळी मिळते, तीच घ्या. घरच्या घरी तपासायचं तर काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू घाला, मिठाचं पाणी ओता, हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बारीक गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर ट्रॅक्टर परत पाठवा.

काम कधी काढायचं? दिवाळीनंतर. उन्हाळ्यात सुट्ट्या असतात, माणसं मिळतात, म्हणून लोक एप्रिलमध्ये काम काढतात. त्या वाऱ्या-उन्हात माल लावता लावता सुकतो, आणि नेमकं तेव्हाच पाणी टँकरचं. जिथं प्यायच्या पाण्याची ओढ, तिथं भिंतीवर चौदा दिवस पाणी कोण मारणार? मग दोन दिवस शिंपडून सोडून देतात आणि प्लास्टर कच्चं राहतं. नोव्हेंबर ते जानेवारीत विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं, आणि पावसाळ्यात भिजलेली भिंत थोडी सुकलेली असते. भिंतीवर बारदान लटकवून ते ओलं ठेवलं की पाणीही कमी लागतं. रंगाची घाई करू नका. नव्या प्लास्टरमधली अल्कली रंग खाते, म्हणून कंपन्या २८ दिवस थांबायला सांगतात.

दगडाची किंवा टाइल्सची सजावट चढवायचा विचार असेल तर थोडं वजन मोजा. वीस मिलिमीटर जाडीचा काळा दगड चौरस फुटाला पाच-साडेपाच किलो भरतो. तो जुन्या प्लास्टरवर चिकटवला म्हणजे त्या प्लास्टरवर त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार लटकला. प्लास्टर पोकळ असेल तर दोन्ही मिळून खाली येतील, आणि खाली आपली पोरं खेळत असतात. वरच्या मजल्यावर नुसत्या चिकट मालावर दगड लावू नका, भिंतीत पकडणारे स्टीलचे क्लँप हवेत. पीव्हीसीच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून सगळं झाकायचाही मार्ग आहे. मी तो सुचवणार नाही. मागची ओल दिसेनाशी होते, एवढंच.

गावठाणातल्या जुन्या घरांबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. दगड आणि पांढऱ्या मातीत बांधलेल्या जाड भिंतींवर अलीकडे सर्रास सिमेंटचं प्लास्टर किंवा पुट्टी चढवतात. त्या भिंती जमिनीतून ओल घेतात आणि अंगभर बाहेर सोडतात, त्यामुळेच त्या शंभर वर्षं उभ्या आहेत. सिमेंटचा कडक, घट्ट थर दिला की ओल आत कोंडते, दगडांमधली माती मऊ पडते आणि भिंत पोटात फुगते. तिथं चुन्याचा गिलावाच हवा. चुना ओल बाहेर जाऊ देतो आणि भिंत थोडी हलली तरी सहन करतो. नगरजवळचा निजामशाहीतला फराहबाग महाल १५८३ साली पुरा झाला. ओबडधोबड दगडावरचा त्याचा चुन्याचा गिलावा आजही जागोजागी टिकून आहे, जाऊन हात लावून बघा. चुना मळणारे गवंडी आता कमी राहिले आहेत, पण जुन्या वाड्यांची आणि देवळांची कामं करणाऱ्यांकडे चौकशी केली तर सापडतात. मिळेपर्यंत मातीचा लेप परवडला, सिमेंट नको.

शेवटचं पैशाचं. दर चौरस फुटाला किती यापेक्षा त्यात काय काय येतं ते कागदावर घ्या: जुनं काढणं, मलबा, परांची, जाळी, पाणी मारणं, खिडक्या मोजायच्या की वजा करायच्या. आमच्या पुट्टीच्या कामाचा कागदच नव्हता, त्यामुळे ती गळल्यावर बोलायला आधार उरला नाही. दुसऱ्या कामाच्या वेळी आम्ही दहा टक्के रक्कम एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवली आणि तसं आधीच लिहून दोघांनी सह्या केल्या. गवंड्यानं खळखळ केली नाही. सप्टेंबरचा मोठा पाऊस झाला की घराच्या आतून प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः खिडक्यांच्या कोपऱ्यात आणि छताच्या कडेला हात फिरवा, बाहेरून भिंत पुन्हा एकदा वाजवा, आणि मगच उरलेले पैसे द्या.